कन्सल्टिंग फर्मच्या इंटरव्ह्यूला बसायचंय? सांगली-मिरजेच्या पोरापोरींसाठी सुरुवातीपासून सगळं

मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला द्यायच्या कामाच्या, इंटरव्ह्यूची माहिती आपल्याकडं फार कमी पोचते. वालचंदला, ईश्वरपूरच्या (आधीचं इस्लामपूर) आरआयटीला, या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आयटी कंपन्या येतात, कोअरवाले येतात, त्यांचं ॲप्टिट्यूड कसं असतं, टेक्निकलला काय विचारतात हे सिनियरकडनं आपोआप कळतं, पण कन्सल्टिंगचं नाव काढलं की "ते आयआयएमवाल्यांचं असतंय" म्हणून विषय तिथंच संपतो. मी सांगलीतच शिकलो, आता पुण्यात याच लाइनमध्ये आहे आणि घरी आलो की आपल्या भागातल्या पोरांचे मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू घेतो. जी मुलंमुली खरोखर जाऊन बसली, काहींचं झालं, बऱ्याच जणांचं नाही झालं, त्यांच्याशी निवांत बोलल्यावर एक गोष्ट सारखी सारखी पुढं येते: बहुतेकांचं अडलं ते एकाच ठिकाणी, दुसऱ्या माणसासमोर मोठ्यानं विचार करायची सवय नव्हती. घरी बसून गणित सुटतंय, तिथं तोंडातनं शब्द फुटत नाही. हे सवयीनं जमतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: कुठल्या दारानं जाणार ते ठरवा

मॅकिन्झी (1926 ची), बीसीजी (1963) आणि बेन (1973) या तीन अमेरिकन फर्म्सना मिळून एमबीबी म्हणतात. कंपनीनं कुठल्या धंद्यात उतरावं, नफा का घटला, दुसरी कंपनी विकत घ्यावी का असल्या प्रश्नांवर या मोठमोठ्या कंपन्यांना आणि सरकारांना सल्ला देतात. त्यांच्या खालोखाल कर्नीसारख्या फर्म्स, मग डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या बिग फोर, ज्यांचं ऑडिट-टॅक्सबरोबर कन्सल्टिंगचं पण मोठं काम आहे, आणि ॲक्सेंचरसारख्या जिथं स्ट्रॅटेजीपासून टेक्नॉलॉजीपर्यंत सगळं चालतं. शिवाय एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या छोट्या बुटीक फर्म्स असतात, त्यांच्याकडं आपली पोरं बघतच नाहीत.

आता खरं सांगायचं तर एमबीबी थेट कॅम्पसला येतात ते मोजक्या आयआयटी, आयआयएम आणि दिल्लीतल्या काही कॉलेजांत. शिवाजी विद्यापीठाच्या डिग्रीवर फ्रेशर म्हणून थेट तिथं लागणं फार अवघड आहे, आणि "काही अवघड नाही, फक्त इच्छा पाहिजे" असं सांगणारे तुमची फसवणूक करतायत. पण रस्ते आहेत. एक, आधी बिग फोर किंवा बुटीक फर्म, दोन-तीन वर्षं काम, मग वरच्या फर्ममध्ये उडी. दोन, या फर्म्सची गुरगावसारख्या ठिकाणी रिसर्च आणि ॲनालिटिक्सची सेंटर्स आहेत, तिथं कॉलेजच्या नावापेक्षा स्किल जास्त बघतात. तीन, नोकरी करत कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) देऊन चांगलं एमबीए. चार, एखाद्या क्षेत्रात पाच-सात वर्षं घट्ट अनुभव, म्हणजे कारखाना, सप्लाय चेन, बँकिंग, आणि मग एक्स्पर्ट म्हणून आत. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत घासलेल्या माणसाला ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये किंमत आहे, हे मी डोळ्यानं बघितलंय.

दार ठरलं की तयारी ठरते. बिग फोरला केस (कंपनीची अडचण देऊन ती सोडवायला लावतात तो प्रश्न, खाली सविस्तर आहे) कमी आणि तुमच्या विषयाचं, प्रोजेक्टचं, एक्सेलचं जास्त विचारतील, काही ठिकाणी ग्रुप डिस्कशन किंवा एक मिनिट बोला असला राउंड असतो. एमबीबीला केस हाच जीव.

सीव्ही

एक पान. फोटो नको, वडिलांचं नाव, जन्मतारीख, "हॉबी: क्रिकेट बघणे" काही नको. प्रत्येक ओळीत तुम्ही काय केलं आणि त्यानं काय बदललं ते आकड्यात. "फाउंड्रीत इंटर्नशिप केली" ही ओळ वाया गेली. "कास्टिंग रिजेक्शन 9 टक्क्यांवरनं 6 टक्क्यांवर आलं, वाळूतली ओल दर शिफ्टला मोजायची पद्धत लावली" ही ओळ वाचणाऱ्याला थांबवते. फक्त एक लक्षात ठेवा, सीव्हीवर लिहिलेल्या प्रत्येक आकड्यावर प्रश्न येणार. त्या 9 टक्क्यांत वाळूमुळं किती आणि मेटलमुळं किती, मोजलं कुणी, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं तोंडपाठ पाहिजे. मित्राच्या प्रोजेक्टचा आकडा उचलून टाकलेला तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

कॅम्पस नसेल तर रेफरल, म्हणजे फर्ममधल्या माणसाची शिफारस, महत्त्वाचा. लिंक्डइनवर आपल्या भागातला, आपल्या कॉलेजचा माणूस शोधा आणि चार ओळींचा मेसेज टाका: मी कोण, काय केलंय, तुमच्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलता येईल का. "सर प्लीज रेफर मी" असा मेसेज रोज ढिगानं येतो, त्याला कोण उत्तर देणार. आधी बोला, दोन चांगले प्रश्न विचारा, रेफरलचा विषय बहुतेक वेळा समोरचाच काढतो.

ऑनलाइन टेस्ट

मॅकिन्झीची सॉल्व्ह नावाची गेमसारखी टेस्ट असते, बीसीजीकडं चॅटबॉटबरोबर केस सोडवायची असते, बाकीच्यांकडं नेहमीचं ॲप्टिट्यूड. यात जादू काही नाही, आकडे पटापट वाचणं आणि वेळ सांभाळणं. लॅपटॉप आणि नेट धड असलेल्या जागी बसून द्या, मोबाइलवर देऊ नका. आणि हे पैसे घेऊन "सॉल्व्हची उत्तरं" विकणारे लोक असतात त्यांच्या नादी लागू नका.

प्रत्यक्ष इंटरव्ह्यूत होतं काय

साधारण दोन फेऱ्या, प्रत्येकीत दोन-तीन इंटरव्ह्यू, एकेक पाऊण तासाच्या आसपास. सुरुवातीला थोड्या गप्पा, मग तुमच्या अनुभवाबद्दल, मग केस, शेवटी तुमचे प्रश्न. शेवटच्या फेरीत पार्टनर, म्हणजे फर्मचे सगळ्यात वरचे भागीदार लोक असतात, ते कधी कधी केस सोडून भलतंच विचारत बसतात आणि तेच खरं बघणं असतं.

गप्पांना हलकं घेऊ नका. एका मुलाला सीव्हीवर सांगली दिसल्यावर विचारलं, "हळद म्हणजे सांगली असं ऐकतो, पण हळद तर मराठवाड्यात, तेलंगणात पण ढिगानं पिकते, मग बाजार सांगलीत का?" पोरगा हरिपूरच्या बाजूचा. त्यानं सांगितलं की आमच्याकडं जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती, त्यात किडीचा त्रास न होता माल बरीच वर्षं टिकायचा, म्हणजे भाव पडला तर थांबता यायचं, त्यामुळं व्यापारी जमले, मग सौदे, मग उधारीची आणि अडतीची व्यवस्था, मग पॉलिशच्या गिरण्या, आणि एकदा खरेदीदार एका ठिकाणी गोळा झाला की लांबचा माल पण तिथंच येतो. पुढं 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. या उत्तरात कुठल्या कोर्समधलं काही नाही, पण साठवण, थांबायची ताकद, खरेदीदारांची गर्दी ही कारणं ओळीनं लागली होती, आणि समोरची बाई पाच मिनिटं त्यावरच बोलत बसली. तुमच्या आजूबाजूला द्राक्ष आहे, तासगावचा बेदाणा आहे, ऊस आहे, दूध आहे, मिरजेचा हॉस्पिटलचा धंदा आहे. यातल्या दोन गोष्टी तरी पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो इथपर्यंत खोलात माहीत करून घ्या. मुंबईच्या पोराकडं हे नसतं.

केस: इथं थांबून नीट वाचा

केस म्हणजे एका कंपनीची अडचण तुमच्यापुढं ठेवतात आणि तुम्ही ती त्यांच्याशी बोलत बोलत सोडवायची. मॅकिन्झीत सहसा इंटरव्ह्यूअर एकेक प्रश्न देत पुढं नेतो, बीसीजी आणि बेनकडं बऱ्याचदा गाडी तुम्हीच हाकायची असते. कॅल्क्युलेटर नाही, कोरा कागद आणि पेन.

आपल्याच भागातली केस घेऊ. मी मॉकमध्ये हीच देतो. "पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना, दोन हंगाम झाले नफा घटतोय, का आणि काय करायचं?"

वाळवा तालुक्यातला एक पोरगा, घरचा ऊस, त्यानं हे ऐकलं आणि सुटलाच. एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) वाढली, साखरेला दर नाही, ऊसतोडीच्या टोळ्या येत नाहीत, सरकारचं इथेनॉलचं धोरण बदलतं, दहा मिनिटं सलग. एकेक वाक्य बरोबर होतं. पण मला मध्ये शिरायला जागाच नव्हती आणि शेवटी यातलं मुख्य कारण कुठलं ते त्यालाही सांगता येईना. माहिती असणाऱ्याचं असं जास्त होतं, माहिती नसणारा निदान विचारतो तरी.

मग आम्ही तीच केस परत केली, पायरी पायरीनं.

आधी प्रश्न तुमच्या शब्दांत परत सांगा आणि दोन-चार शंका विचारा. सहकारी आहे का खाजगी? रोजचं गाळप किती? नुसती साखर का डिस्टिलरी आणि सहवीज (उसाच्या चिपाडावर केलेली वीज) पण? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: शेजारच्या कारखान्यांचा नफा पण घटलाय का फक्त यांचाच? या एका प्रश्नानं अर्धी केस कापली जाते, कारण सगळ्यांचा घटला असेल तर कारण बाजारात आहे आणि यांचाच घटला असेल तर कारण घरात आहे. आमच्या केसमध्ये उत्तर होतं, शेजाऱ्यांचा थोडा, यांचा बराच जास्त.

मग "मला एक मिनिट द्या" म्हणा आणि कागद आडवा धरून मांडणी करा. हे मिनिट मागायला पोरं लाजतात, अजिबात लाजू नका, सगळे मागतात. एका बाजूला उत्पन्न: साखर, इथेनॉल, वीज, बगॅस (चिपाड) आणि मळी. दुसऱ्या बाजूला खर्च: ऊस, प्रक्रिया, पगार, दुरुस्ती, साखर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचं व्याज. दोन्हीला जोडणारी गोष्ट, गाळप किती दिवस चाललं. एवढंच. पाठ केलेला भारी फ्रेमवर्क (तयार साचा) चिकटवायची गरज नाही, कप्पे एकमेकांत मिसळू नयेत आणि मोठं काही सुटू नये, बास. मांडून झालं की कागद समोरच्याकडं फिरवा आणि कुठनं सुरू करणार, का, हे सांगा.

आता गणित. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला 340 रुपये होती, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). म्हणजे टनाला 3,400 रुपये आणि त्यातनं साखर निघाली 102.5 किलो. भागाकार केला की एका किलो साखरेत नुसता ऊसच 33 रुपयांचा झाला. साखरेची किमान विक्री किंमत 2019 मध्ये किलोला 31 रुपये केली होती, म्हणजे त्या दरानं विकली तर ऊससुद्धा वसूल होत नाही. बाजारात 38 मिळाले असं धरू, तर राहिले 5 रुपये, त्यात प्रक्रिया, पगार, व्याज सगळं बसवायचं. हा बाजाराचा भाग, सगळ्या कारखान्यांना सारखा.

यांचाच का जास्त घटला? इथं मी आकडे दिले: रोज 5,000 टन गाळप, आधी हंगाम 150 दिवस चालायचा, आता 110. बसून लागणारा खर्च, म्हणजे गाळप होवो न होवो लागणारच असा, वर्षाला 45 कोटी. 150 दिवसांना साडेसात लाख टन, टनाला 600 रुपये खर्च. 110 दिवसांना साडेपाच लाख टन, टनाला 818. फरक 218 रुपये टनाला, म्हणजे किलोला दोन रुपयांच्या वर. पाचातले दोन गेले. पोरानं हा आकडा काढला आणि गप्प बसला, आणि हीच जागा अशी आहे जिथं बोलायचं असतं. आकडा आला की लगेच म्हणायचं, "म्हणजे नफ्याची मोठी गळती कमी दिवसांमुळं आहे, आता ऊस का कमी आला ते बघतो."

मी विचारलं, "ऊस गेला कुठं?" हा प्रश्न म्हणजे हिंट. इंटरव्ह्यूअर असा मध्ये बोलला की तो तुम्हाला अडकवायला बोलत नाही, रस्ता दाखवतोय, तुमची मांडणी बाजूला ठेवून त्याच्या मागं जा. ऊस पिकलाच कमी, का पिकला पण शेजारच्या कारखान्यानं नेला, का शेतात उभा राहिला कारण तोडणी टोळ्या कमी आल्या? तीन कप्पे, प्रत्येकाला वेगळा पुरावा मागायचा: नोंदलेलं क्षेत्र, नोंद असून दुसरीकडं गेलेला ऊस, तोडणीला लागलेला उशीर. आमच्या केसमध्ये नोंद होती पण ऊस बाहेर जात होता, कारण बिलं उशिरा मिळायची. उसाच्या घरातल्या पोराला हे सांगायला लागत नाही, शेतकरी दर बघतो तसंच बिल कधी जमा होतं ते पण बघतो.

शेवट करताना पहिलं वाक्य उत्तराचं. "माझा सल्ला, कारखान्यानं पहिल्यांदा ऊस बिलं वेळेत देऊन बाहेर जाणारा ऊस थांबवावा, कारण नफ्यातली मोठी घट गाळपाचे दिवस कमी झाल्यामुळं आहे." मग दोन आकडे, मग धोका (बिलासाठी पैसा आणायचा कुठनं, व्याज किती वाढेल), मग पुढं काय तपासणार. एक मिनिटात संपवा. बरीच पोरं इथं सुरुवातीपासनं सगळी गोष्ट परत सांगत बसतात.

इंग्रजीचं दोन वाक्यात. साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी चालतं, उच्चार आपल्याकडचा असला तरी काही बिघडत नाही, पण वेग कमी ठेवा आणि आकडे सांगताना घोळ घालू नका. फर्म परदेशी असली तर मिलियन-बिलियन येणार: 10 लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे 10 मिलियन, 100 कोटी म्हणजे एक बिलियन. हे झोपेतनं उठवलं तरी आलं पाहिजे. नाहीतर सरळ विचारा, लाख-कोटीत केलं तर चालेल का, भारतातल्या ऑफिसात बहुतेक जण चालेल म्हणतात.

अंदाजाचे प्रश्न

गेसएस्टिमेट म्हणतात त्याला. एका मुलीला विचारलेला प्रश्न: तुमच्या शहरात वर्षाला शाळेचे युनिफॉर्म किती विकले जातात? उत्तर बरोबर आलं का याला फार महत्त्व नाही, तुम्ही तोडता कसं आणि ताळा करता का हे बघतात.

सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा वर होती. आता सहा लाख धरू. पहिली ते दहावीच्या वयाची मुलं साधारण सहावा हिस्सा, एक लाख. त्यातली 20 टक्के महापालिकेच्या आणि सरकारी योजनेतनं कपडे मिळणाऱ्या शाळांत धरली तर दुकानातनं घेणारी राहिली 80 हजार. काही जण दोन जोड घेतात, काही मोठ्या भावाचा वापरून एकच, सरासरी दीड. झाले 1 लाख 20 हजार जोड. जोडाला 700 रुपये धरले तर आठ कोटी चाळीस लाखांचा धंदा.

आता ताळा, जो बहुतेक जण करत नाहीत. शहरात युनिफॉर्म विकणारी 60 दुकानं धरली तर दुकानाला 2,000 जोड, आणि सीझन मे अखेर ते जुलै असा 50 दिवसांचा, म्हणजे दिवसाला 40. जूनमधली गर्दी ज्यानं बघितलीय त्याला हे पटतं. तिनं पुढं एक गोष्ट स्वतःहून सांगितली, की आसपासच्या गावांतली बरीच मुलं एसटीनं आणि स्कूल व्हॅननं सांगली-मिरजेच्या शाळेत येतात, त्यामुळं खरा आकडा यापेक्षा जास्त असणार. ते ऐकून इंटरव्ह्यूअरनं पेन खाली ठेवलं आणि हसून पुढच्या भागाकडं गेला. धरलेला प्रत्येक आकडा का धरला ते बोलून दाखवायचं, आणि भागायला सोपा धरायचा, 6.37 लाख असलं काही घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या गोष्टी

मॅकिन्झीत याला पर्सनल एक्स्पिरिअन्स इंटरव्ह्यू म्हणतात, एकच प्रसंग घेऊन खोदत खोदत जातात. बाकी ठिकाणी पण असतंच. नेतृत्व केलं, कुणाचं मन वळवलं, अडचणीत काम तडीला नेलं, असे तीन-चार प्रसंग तयार पाहिजेत.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांकडं ऑगस्ट 2019 च्या पुराचा प्रसंग असतो. एक मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती, ती सांगायची, "आम्ही मदत केंद्रावर काम केलं, आम्ही पाकिटं वाटली, आम्ही लोकांना धीर दिला." मॉकमध्ये मी विचारलं, यात तू काय केलंस, तू नसतीस तर काय वेगळं झालं असतं? ती म्हणली, काहीच नाही, सगळ्यांनी मिळून केलं. आपल्याकडं मी मी करणं बरं दिसत नाही, हे संस्कार चांगलेच आहेत, पण या खोलीत "आम्ही" नं तुम्ही दिसेनासे होता.

मग हळूहळू निघालं. केंद्रावर बिस्किटं आणि पाण्याचे बॉक्स छतापर्यंत रचलेले, पण बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या कुणाकडंच नव्हत्या, म्हातारी माणसं घरातनं नेसत्या कपड्यानिशी निघाली होती. हिनं एका रजिस्टरमध्ये कुटुंबवार नावं लिहिली, कुणाकडं रिकामी स्ट्रिप असेल तर तिचा फोटो, नसेल तर मुलाला फोन करून गोळीचं नाव. गटाचा प्रमुख म्हणाला, आपलं काम जेवणाचं, औषधात पडायचं नाही, काही झालं तर अंगावर येईल. त्याला तिनं एवढंच सांगितलं की मी गोळी देणार नाही, यादी डॉक्टरांना देणार, सही त्यांची. मग एका ओळखीच्या डॉक्टरांना तिथं आणलं, मेडिकलवाल्याला उधारीवर माल द्यायला लावला. संध्याकाळपर्यंत गोळ्या आल्या.

एवढं सोनं पोरीच्या पदरात, आणि ती "पाकिटं वाटली" सांगत होती. प्रमुखाला नेमकं कुठलं वाक्य बोलून पटवलं, तो काय म्हणाला, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, हेच विचारतात. तुमच्याकडं पूर नसेल, शेतीचा वाद असेल, गणेश मंडळाच्या हिशोबाचं भांडण असेल, कॉलेजच्या फेस्टला स्पॉन्सर आयत्या वेळी पळाला असेल. प्रसंग लहान चालतो, तुमचा पाहिजे आणि तपशिलानं पाहिजे.

"कन्सल्टिंगच का" याला "शिकायला मिळतं आणि एक्स्पोजर मिळतं" हे उत्तर सगळे देतात. तुम्ही कुठल्या कामात असा विचार करताना रमलात ते सांगा. आणि कामासाठी क्लायंटच्या गावी आठवड्यातले चार-चार दिवस राहायला लागतं, रात्री उशीर होतो, हे घरी आधी बोलून ठेवा. मुलींच्या घरी तर नक्की, ऑफर आल्यावर घरात वाद नको.

सराव कसा करायचा

सरावाचा जोडीदार शोधा, हे सगळ्यात पहिलं. एकट्यानं केस वाचणं म्हणजे काठावर बसून पोहणं शिकणं. मित्र कन्सल्टिंगचा नसला तरी चालतो, एक जण केस वाचून आकडे देणार, दुसरा सोडवणार, मग उलट. आयआयएमच्या कन्सल्ट क्लबांची केसबुकं नेटवर फुकट मिळतात, पंधरा-वीस हजारांचा कोर्स लावायची सुरुवातीला काही गरज नाही. वीस-पंचवीस केसेस नीट, प्रत्येकीनंतर कुठं अडखळलो ते लिहून, एवढ्या पुष्कळ झाल्या. शंभर उरकण्यात अर्थ नाही, मग पोरं नवीन केसला जुनं उत्तर लावायला लागतात.

मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकवत नाही, मान्य आहे, पण कुठं सलग वीस सेकंद काहीच बोललो नाही ते त्यातच कळतं. गणित करताना पण बोलायचं: "840 चे 15 टक्के, दहा टक्के 84, पाच टक्के 42, झाले 126." रोज दहा मिनिटं असली तोंडी गणितं, बसमध्ये, स्टँडवर, कुठंही.

त्या दिवशी

ऑनलाइन असेल तर महावितरणचा मेंटेनन्सचा वार बघून वेळ घ्या, इन्व्हर्टर नाहीतर चार्ज केलेला लॅपटॉप, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा, त्या तासात मिक्सर नको. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं. कागदावर काय मांडताय ते समोरच्याला दिसत नाही, त्यामुळं दुप्पट बोलायचं.

मुंबईला बोलावलं तर महालक्ष्मीनं रात्री बसून सकाळी सीएसएमटीला उतरून तसंच इंटरव्ह्यूला, हे पोरं पैसे वाचवायला करतात. सकाळचा स्लॉट असेल तर नको. गाडी तासभर उशिरा झाली की सगळं हुकतं, आणि न झोपलेल्या डोक्याला भागाकार जमत नाही. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडं नाहीतर साध्या लॉजवर झोपा. ऑफिस नरीमन पॉइंटला आहे का लोअर परळला का बीकेसीला ते नीट बघा, प्रत्येकाचं अंतर वेगळं. साधे इस्त्रीचे फॉर्मल कपडे पुरतात, नवीन बूट घेतले असतील तर दोन दिवस आधी घालून फिरा.

पहिला इंटरव्ह्यू बिघडला असं वाटलं तर तो तिथंच सोडा. एका दिवसात दोन-तीन माणसं वेगवेगळी मतं देतात, एकात गडबडून पण पुढं गेलेली मुलं मला माहीत आहेत, आणि पहिल्याचाच विचार करत दुसरा घालवलेली पण.

नंतर

बाहेर पडल्या पडल्या विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून काढा, संध्याकाळपर्यंत निम्मे विसरतात. नाही आलं तर एचआरला नम्रपणे फीडबॅक मागा, काही फर्म्स देतात, काही देत नाहीत. परत अर्ज करायला बऱ्याच फर्म्सना मध्ये एक-दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून अर्धवट तयारीवर "बघू तर खरं" म्हणून आवडत्या फर्मचा चान्स घालवू नका, आधी दुसऱ्या एक-दोन ठिकाणी बसा.

आणि कुठलीही खरी फर्म इंटरव्ह्यूसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी एक रुपया मागत नाही. मोठ्या फर्मचं नाव लावून जीमेलवरनं ऑफर लेटर पाठवणारे आणि "कन्सल्टन्सी"ची फी म्हणून यूपीआयवर पैसे घेणारे आपल्या भागात पण आहेत. मेल फर्मच्या स्वतःच्या डोमेनवरनं आलाय का बघा, शंका आली तर फर्मच्या वेबसाइटवरच्या करिअरच्या पानावरनं विचारा, आणि खरं ऑफर लेटर आलं तर सही करायच्या आधी पोस्टिंग कुठं, प्रोबेशन किती, नोटिस पिरियड किती, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा) पगार धरून आकडा सांगितलाय का सोडून, एवढं तरी शांतपणे वाचा.